जिन्यापासून पहिली तुळई

१

पोटमाळ्याची जमीन नेमकी कुठे सडली आहे हे त्या बंगल्यात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि चौदा मार्चच्या शुक्रवारी सकाळी साडेआठला तोच माणूस बरोबर त्या जागी जाऊन उभा राहिला. तुळई मोडली, फळ्या सुटल्या आणि सारंग चौदा फूट खाली आला. त्याच्यामागोमाग तुळईही आली. वय वर्षं अडतीस. जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या करणारा आर्किटेक्ट, मूळचा पुण्याचा.

उल्कानं फाइल मिटली, चष्मा काढून पुसला आणि फाइल पुन्हा उघडली. पडझड झाली, आग लागली की विमा कंपनी पाहणीला जिला पाठवते ती ही उल्का. सव्वीस वर्षं सिंगापुरात, वयाची पन्नाशी ओलांडलेली, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आणि खोटं बोलणाऱ्यांची फार मजेनं वाट बघणारी बाई. लोक खोटं बोलतात ते भिंतीला पोपडे येतात तसं, आधी कडेनं सुटतं, असं ती म्हणायची. ही फाइल तिच्या टेबलावर आली ती नावामुळे. मराठी माणूस आहे, मराठी बाई बघेल, असा साहेबांचा साधा हिशोब.

फाइलमध्ये सगळं होतं, फक्त कारण नव्हतं. पोलिसांना कुणी ढकलल्याची खूण सापडली नव्हती. त्याच्याजवळ मोजपट्टी मिळाली होती, दोन मीटर ओढून लॉक केलेली.

दुपारी फोन वाजला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा, जपून बोलणारा आवाज आला.

"मी सारंगचा वडील. पद्माकर. तुम्ही रिपोर्ट लिहिणार आहात असं कळलं. मला रिपोर्ट नको. मला एवढंच सांगा, माझा मुलगा पडला, की त्यानं स्वतःला पाडलं?"

उल्कानं आयुष्यात पुष्कळ प्रश्न ऐकले होते. या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तिला खुर्चीत नीट बसावं लागलं.

२

सारंगचं घर क्वीन्सटाउनला, अकराव्या मजल्यावर. दार प्रणितानं उघडलं, सारंगच्या बायकोनं. बँकेत चांगल्या हुद्द्यावर असलेली बाई, पण गेल्या पंचवीस दिवसांत कुणी तिला जेवायला घातलेलं दिसत नव्हतं. बाहेरच्या खोलीत पद्माकर ताठ बसले होते. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून प्रणिता उभी होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. घरात पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत कुणालाही ते कळलं असतं.

"काका, तुम्ही काय करत होतात पुण्याला?" उल्कानं विचारलं.

"बांधकाम खात्यात होतो. जुने डाक बंगले दुरुस्त करायचो. महाबळेश्वर, आंबोली, इकडे कोयनेपर्यंत. लाकडाची कामं सगळी माझ्याकडे." बोलता बोलता त्यांचा चेहरा जरा उजळला. "सारंग सुट्टीत बरोबर असायचा. डांबराच्या डब्यात काडी बुडवून तुळयांवर आकडे घालायचं काम त्याचं. मी त्याला एकच सांगितलं होतं. आकडे मराठीतच घालायचे. इंजिनियरला काय, काहीही वाचता येतं. सुताराला वाचता आलं पाहिजे."

मग त्यांनी मान खाली घातली. उजळलेलं सगळं विझलं.

स्वयंपाकघरात प्रणितानं फोन पुढे केला. सारंगचा शेवटचा मेसेज. शुक्रवार, आठ वाजून बारा मिनिटं. एकच शब्द.

जातो.

पोलिसांच्या कागदांत त्याचं भाषांतर 'गोइंग' असं झालं होतं आणि ते तिथे इतकं निरुपद्रवी दिसत होतं की उल्कानं ते वाचून सोडून दिलं होतं. इथे, मराठीत, तो शब्द तिनं पुन्हा वाचला. मराठी माणूस दाराबाहेर पडताना 'येतो' म्हणतो. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही 'येतो'च. 'जातो' म्हणून कुणी गेलं तर घरातलं मोठं माणूस त्याला परत बोलावून शब्द बदलायला लावतं.

"चार दिवस आम्ही बोलत नव्हतो," प्रणिता म्हणाली. "सतत ते घर, ते घर. रविवारीसुद्धा. शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, त्या बंगल्यातच राहायला जा, इथे येऊ नकोस. तो काही बोलला नाही. बूट घातले आणि गेला. आणि मग हे आलं." तिनं पदर नसलेल्या कुडत्याचीच बाही डोळ्यांना लावली. "बाबांनी हे वाचलं आणि तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी कसं म्हणू, उल्काताई? मी म्हटलं येऊ नकोस, तो म्हणाला जातो."

उल्काचा नवरा सहा वर्षांपूर्वी 'येतो' म्हणून ऑफिसला गेला होता आणि आला नव्हता. शब्दांवर तिचा तेव्हापासून फारसा भरवसा नव्हता. पण हे आत्ता बोलून उपयोग नव्हता, म्हणून तिनं नजर दुसरीकडे वळवली. समोर फ्रिज होता. त्याच्यावर अदितीचं, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीचं वेळापत्रक होतं, एक गॅसचं बिल होतं आणि शाळेची एक चिठ्ठी: पालक-शिक्षक भेट, शुक्रवार, अकरा चाळीस. चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग जाडजूड मोदकाच्या आकाराच्या मॅग्नेटखाली गेला होता.

३

अलेक्झांड्रा भागाच्या मागच्या टेकडीवर पावसानं धुतलेल्या झाडांमध्ये, सारंग जिथे पडला ते थॉर्नबी हाऊस उभं होतं. पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या लाकडांच्या उभ्याआडव्या पट्ट्या, वर उतरतं उंच छप्पर. इंग्लंडात चार-पाचशे वर्षांपूर्वी ट्यूडर राजांच्या काळात असली घरं बांधायचे म्हणे. तिकडे ती काळी लाकडंच घर तोलून धरतात आणि मधल्या जागा नुसत्या भरलेल्या असतात. इथे १९३० च्या सुमारास कुण्या गोऱ्या अधिकाऱ्याला घरची आठवण आली, आणि त्यानं विटांच्या भिंती बांधून वरून फळ्या ठोकल्या आणि त्यांना काळा रंग दिला. उल्कानं एका पट्टीवर टकटक केली. आवाज पोकळ आला. घराचं सगळं देखणेपण वरून ठोकलेलं होतं, आणि उन्हापावसासाठी रुंद वळचणी आणि वेताचे पडदे मात्र अस्सल इथले. तिला हसू येणार होतं, पण तिच्या स्वतःच्या फ्लॅटच्या दारात लिफ्टसमोर तुळशीची कुंडी होती, तेव्हा तिनं ते आवरलं.

मिस्टर गोह तिची वाट पाहत होते. कंत्राटदाराचे सुपरवायझर, साठीचे, उन्हानं रापलेले.

"मॅडम, आय टेल यू स्ट्रेट. पेपर से सेव्हन, वी प्रॉप सेव्हन. नॉट माय फॉल्ट, लाह."

"सातव्या तुळईला टेकू द्या म्हणणारा तो पेपर कुठे आहे?"

गोहनी हात पसरले. "कार्पेंटर से लॉस्ट. आय आस्क हिम टेन टाइम्स."

ते तिला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत घेऊन गेले. छताचं प्लास्टर काढलेलं होतं आणि पोटमाळ्याच्या तुळया खालून उघड्या दिसत होत्या. खालून त्यांच्यावर एकही आकडा नव्हता. आकडे वरच्या बाजूला, खडूनं. बांधतेवेळी आठ तुळया होत्या, चेंगल नावाच्या इथल्या दणकट लाकडाच्या. जिन्याला लागून जी पहिली, तिच्या जागी आता भगदाड होतं. ती नंतर कुणीतरी बदललेली, हलक्या लाकडाची, आतून वाळवीनं भुसा केलेली. पोटमाळ्याचा जिना बाहेरच्या व्हरांड्यातून, भिंतीआडून वर जात होता. वर जाणाऱ्याला ही खोली लागतच नव्हती.

खोलीत तीन लोखंडी टेकू उभे होते. उल्कानं जिन्याच्या बाजूनं बोटानं मोजलं. दुसऱ्या तुळईला एक, चौथीला एक, सातवीला एक.

"सेव्हन सडली होती?"

"सेव्हन व्हेरी गुड वुड," गोह म्हणाले, आणि स्वतःच थांबले. हे आपण बोलायला नको होतं असं त्यांना उशिरा कळलं असावं.

त्यांनी रजिस्टर दाखवलं. 14 मार्च, सकाळी 8:00, बीम 7, चिठ्ठीप्रमाणे. मग फोन दाखवला. आठ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी सारंगला कळवलं होतं, 'प्रॉप डन.' कितव्या तुळईला, हे लिहिलं नव्हतं. लिहायचं कशाला, ज्यानं सांगितलं त्याला ठाऊक असणारच.

सुतार शफिकुल आज दुसऱ्या साइटवर गेला होता. अवजारांच्या खोलीत त्याची पेटी होती, चटई होती, भिंतीवर ढाक्याच्या कुठल्याशा सिमेंटवाल्यांचं कॅलेंडर होतं, वर नदी आणि होडी. एप्रिल लागून आठ दिवस झाले तरी पान मार्चचंच होतं. चौदा तारखेच्या चौकोनाला पेन्सिलीचा बारीक काळा ठिपका होता. तो चौदाच का, हे ताडून बघायला उल्का पहिल्या घरापासून नजर फिरवत गेली, तर पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात तिला १ दिसला. तिनं चष्मा वर-खाली केला. अक्षरं बंगाली, प्रकाश कमी, डोळे पन्नाशीचे. नवा नंबर काढून घ्यायला हवा, असं तिनं मनाशी ठरवलं आणि बाहेर आली.

४

प्रबोध तिला क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात भेटला. सारंगच्या ऑफिसातला त्याचा ज्युनियर, मुंबईचा, तिशीतला. आता थॉर्नबीचं काम त्याच्याकडे आलं होतं. समोरचे नूडल्स त्यानं चमच्यानं नुसते ढवळले.

"मॅडम, तुमच्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगतो. फेब्रुवारीत मी बॉसला मेल टाकला होता. सारंग एकेक तुळई ठोकून बघत बसतो, काम रखडतंय, असा. त्याला ते कळलं होतं."

"मग?"

"काही नाही बोलला. चहा पाजला मला. तसाच होता तो."

"आणि तो गेल्यावर काम तुम्हाला मिळालं."

प्रबोधनं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. खोटं असेल तर फार चांगलं वठलंय, असं उल्काच्या मनात आलं, आणि स्वतःचा थोडा रागही आला.

त्यानं पिशवीतून सारंगची वही काढली. पोलिसांनी परत केलेली. पानापानावर बंगला होता: काळ्या पट्ट्यांना इंग्रजी नंबर, 1 ते 46, आणि आतल्या तुळयांना मराठी आकडे.

"हे असं दोन तऱ्हांनी का?"

"ऑफिसच्या ड्रॉइंगवर बाहेरच्या पट्ट्यांना इंग्रजी नंबर आधीच होते. आत पुन्हा वन-टू-थ्री केलं तर घोळ होणार. म्हणून खऱ्या तुळयांना त्यानं मराठी घातले. म्हणायचा, खोट्याला इंग्रजी, खऱ्याला मराठी. कधीच चुकायचं नाही." प्रबोध पुसटसा हसला. "बाबांची पद्धत आहे म्हणायचा."

उल्कानं शेवटचं पान काढलं. गुरुवार, तेरा मार्च. सारंगचं अक्षर शाळेतल्या मुलासारखं टपोरं.

'वाळवी: १, २, ४. दोन आणि चारला टेकू झाले. आज शफिकुल परमिटच्या मेडिकलला गेलाय, भेट नाही. एकसाठी चिठ्ठी ठेवली त्याच्या पेटीवर. उद्या सकाळी टेकू लागला की वर जाऊन माप घ्यायचं.'

तिनं ते तीनदा वाचलं. उद्या सकाळी माप घ्यायचं. हातात मोजपट्टी. मरायला निघालेला माणूस दोन मीटरचं माप घेत नाही. पण हे एवढ्यावर पद्माकरांना सांगता येणार नव्हतं, कारण मधे 'जातो' उभा होता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. सारंगनं टेकू मागितला एकला. लागला सातला. कागदावरच्या इंग्रजी 1 चा 7 करायला पेनची एक आडवी रेघ पुरते. गोहना चूक झाकायची असेल. या पोराला मोठं काम हवं असेल. आणि तो कागद नेमका हरवलेला.

"चिठ्ठी इंग्रजीत लिहायचा तो?"

"मी कधी बघितली नाही, मॅडम. खरंच सांगतो."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्का पुन्हा क्वीन्सटाउनला गेली. पद्माकर खाली बाकावर बसले होते, वर्तमानपत्र घडी न मोडता मांडीवर. प्रणिता अदितीला शाळेत सोडून ऑफिसला निघण्याच्या बेतात होती.

"दोन मिनिटं," उल्का म्हणाली आणि सरळ फ्रिजपुढे जाऊन उभी राहिली. रात्रभर तिला एक गोष्ट टोचत होती. चार दिवस न बोलणारं नवराबायको घर कसं चालवतात? दूध, चाव्या, मुलीची शाळा? तिनं आणि तिच्या नवऱ्यानंही असले अबोले धरले होते, आणि तेव्हा ती दोघं लिहायची.

"प्रणिता, अबोला असताना तुम्ही एकमेकांना निरोप कसा द्यायचात?"

"इथेच. फ्रिजवर."

"ही शाळेची भेट कुठल्या शुक्रवारची?"

प्रणितानं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू रंग उतरला. "चौदा मार्च," ती म्हणाली. "मी विसरूनच गेले. ती भेट नंतर..."

उल्कानं मोदक उचलला. चिठ्ठीच्या खालच्या भागावर निळ्या पेननं, घाईघाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

मला मीटिंग आहे. तू जातोस का?

"हे मी गुरुवारी रात्री लिहिलं होतं," प्रणिता म्हणाली आणि तिनं ओट्याची कड धरली.

उल्कानं तिच्या फोनवरून शाळेचं पालकांचं अ‍ॅप उघडायला लावलं. शुक्रवार, अकरा चाळीस. येणार: वडील. नोंद केल्याची वेळ सकाळी आठ अकरा.

आठ अकराला शाळेला कळवलं. आठ बाराला बायकोला. जातो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि समेटाचा पहिला शब्दही. त्याला वाटलं असेल, दुपारी शाळेतून येऊन हिला सांगू मुलगी कशी आहे ते, म्हणजे बोलणं आपसूक सुरू होईल.

प्रणिता जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली. पंचवीस दिवस ती चोरून रडत होती. आज तिला कुणाची चोरी उरली नव्हती. उल्का तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात फोन थरथरला. प्रबोध. "मॅडम, शफिकुल आज थॉर्नबीला आलाय. गोहना न सांगता तुम्हाला भेटायचं म्हणतो. म्हणतो, चिठ्ठी त्याच्याकडे आहे."

६

शफिकुल व्हरांड्याच्या पायरीवर उकिडवा बसला होता. चाळिशीचा, दाढीत दोन-चार पांढरे केस, हातावर रंध्याचे जुने व्रण. उल्का आल्यावर तो उभा राहिला आणि उभाच राहिला.

"बोला था खो गया," ती म्हणाली. "क्यों बोला?"

"गोह साहब मांगता था, पुलिस को देने को. मैं नहीं दिया." त्याला हिंदी शोधून शोधून बोलावी लागत होती. "मैडम, वो चिट्ठी में साहब की ग़लती है. साहब मर गया. मरा हुआ आदमी का ग़लती कौन निकालेगा? उनका बाप आया है, बच्ची है. मैं बोला, खो गया."

"तो आज क्यों दे रहे हो?"

"प्रबोध साहब बोला, लोग कहते हैं वो जान देने को ऊपर गया. वो झूठ है. ग़लती एक बात है, वो दूसरी बात है."

त्यानं गळ्यातलं वर्क परमिटचं पाकीट उघडलं. कार्डाच्या मागे चौपदरी घडी घातलेला पिवळा कागद होता. उल्कानं तो उलगडला. तिनं आधी खाडाखोड शोधली, दुसरी शाई शोधली, वरून ओढलेली आडवी रेघ शोधली. काहीच नव्हतं. सारंगचं टपोरं अक्षर, इंग्रजीत 'फ्रॉम स्टेअर, प्रॉप', आणि पुढे एक बाण, आणि बाणाच्या टोकाला गोल डोक्याचा, लांब शेपटीचा स्वच्छ मराठी आकडा.

१

कुणी काही बदललं नव्हतं. सारंगनं बरोबर लिहिलं होतं. म्हणजे हा समोरचा माणूस...

"ये क्या लिखा है, शफिकुल?" तिनं आकड्यावर बोट ठेवलं.

शफिकुलनं अजिबात न अडखळता वाचलं.

"सात."

उल्का सरळ अवजारांच्या खोलीत गेली आणि कॅलेंडरपुढे उभी राहिली. पहिल्या ओळीचं शेवटचं घर. तिचा चष्मा ठीक होता. मार्चची पहिली ओळ शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपत होती, आणि शुक्रवारची ती तारीख सात होती. बंगाली सात, ৭, गोल डोक्याचा, लांब शेपटीचा.

शफिकुल मागे येऊन उभा होता.

"पहले वाली चिट्ठी में?" तिनं विचारलं. "दो और चार?"

"वो भी साहब ऐसे ही लिखा. बराबर लगाया मैंने. साहब ने आके देखा, बोला, बढ़िया." तो घोटाळला. "मैं सोचा, साहब मेरे लिए बांग्ला में लिखता है. इधर कोई नहीं लिखता, मैडम. मैं घर में बीवी को बताया था फोन पर."

मराठी दोन आणि बंगाली दोन जुळे भाऊ. चार आणि चारही जवळपास तसेच. दोनदा विश्वास बसला, आणि तिसऱ्यांदा आकडा नेमका उलटला. समोरासमोर भेट झाली असती तर सारंग 'एक' म्हणाला असता, आणि 'एक' दोन्ही भाषांत एकच. पण त्या गुरुवारी शफिकुल मेडिकलच्या रांगेत होता.

"मैडम," शफिकुल हळूच म्हणाला, "सात नहीं है?"

तिनं त्याला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. आज ना उद्या त्याला कुणीतरी याहून वाईट तऱ्हेनं सांगितलं असतं. त्यानं सगळं ऐकलं, मग कॅलेंडरच्या खाली भिंतीला टेकून बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

७

पद्माकरांना तिनं बंगल्यातच आणलं. त्यांनीच तसं म्हटलं होतं: मुलाचं शेवटचं काम मला बघू दे.

फ्रिजवरची शाळेची चिठ्ठी तिनं त्यांना आधी वाचायला दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचली. "म्हणजे तो शाळेत जाणार होता," ते म्हणाले.

"हो. तो पडला, काका. त्यानं काही केलं नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. उल्कानं त्यांना तेवढा वेळ दिला. पुढचं सांगू नये असं तिला फार वाटत होतं. रिपोर्टमध्ये 'संदेश समजण्यात चूक' एवढं लिहून भागलं असतं. पण या माणसानं आयुष्यभर लाकूड ठोकून बघितलं होतं. पोकळ आवाज त्यांना लगेच कळला असता.

"मग टेकू का नव्हता?" त्यांनी विचारलंच.

तिनं पिवळा कागद आणि कॅलेंडरचं पान त्यांच्या पुढ्यात खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवलं.

"हा एक. सारंगचाच," ते म्हणाले. मग त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि घरं मोजली. बोट शेवटच्या घरावर थांबलं. तिथून कागदावर आलं. परत पानावर गेलं. असं तीन-चारदा झालं. बाहेर झाडांत कुठला तरी पक्षी एकसुरी ओरडत होता.

"सुताराला वाचता आलं पाहिजे, असं मीच म्हणायचो," पद्माकर म्हणाले. "आला की वाचता त्याला."

उल्कानं त्यांचा हात धरला. ते रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आठ वर्षांचा होता. डांबराचा डबा त्याच्याहून जड. एकावर शेपूट आखूड काढायचा, म्हणून मी त्याला रागवायचो. लांब काढ म्हणायचो." तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आखूड असती तर?"

"माहीत नाही, काका," उल्का म्हणाली.

शफिकुल दाराबाहेर उभा होता. आत यायचं त्याचं धाडस होत नव्हतं. पद्माकर स्वतः उठून त्याच्यापुढे गेले. दोघांच्या हिंदीत मिळून एक धड हिंदी झाली नसती.

"तुमने बरोबर पढ़ा," पद्माकर म्हणाले. "उसने बरोबर लिखा. मैंने बरोबर सिखाया."

शफिकुल हात जोडून रडत होता. पद्माकरांनी त्याचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मग त्यांनी त्याला पिवळा कागद परत दिला. उल्का म्हणाली, आधी त्याचा फोटो लागेल रिपोर्टला. तिनं फोटो काढला आणि कागद शफिकुलच्या पाकिटात परत गेला.

जाण्याआधी पद्माकरांनी मोडलेली तुळई बघायला मागितली, म्हणजे तिचा उरलेला तुकडा. त्यावर खडूचा १ अजून पुसटसा दिसत होता. त्यांनी तो हातानं पुसला नाही. त्याच्यावरून नुसतं बोट फिरवलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

संध्याकाळी ती त्यांना क्वीन्सटाउनला सोडायला गेली. प्रणिता ऑफिसातून आली होती. जेवणाच्या टेबलाशी अदिती गृहपाठ करत होती आणि मधूनमधून आजोबांकडे बघत होती. पद्माकर खुर्चीवर बसले. अदितीनं दप्तरातून एक कागद काढून आईपुढे सरकवला.

"टीचर से न्यू डेट, ममा. थर्सडे. यू मस्ट साइन, लाह."

प्रणितानं कागद वाचला. तिची नजर फ्रिजकडे गेली, तिथल्या रिकाम्या जागेकडे, आणि मग तिनं पेन उचललं. भिंतीला सांगावं तसं ती हळूच म्हणाली, "गुरुवारी तीन वीस. मला सुट्टी मिळणं कठीण आहे."

दारात चपला घालणारी उल्का थांबली.

"प्रणिता," पद्माकर म्हणाले. पंचवीस दिवसांत त्यांनी सुनेचं नाव पहिल्यांदा उच्चारलं होतं. त्यांचा आवाज फुटला, म्हणून त्यांनी घसा साफ करून पुन्हा सुरुवात केली. "प्रणिता, मी जातो."

तिघींनीही तो शब्द ऐकला. तो बदलून घ्यायला कुणीच सांगितलं नाही.